बाबांच्या डब्यात एकच औषध दोनदा निघालं

ओसरी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. काय झालं ते आधी सांगते, प्रश्न शेवटी आहेत.

बाबा ६८ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त, इस्लामपूरला आई आणि ते दोघंच असतात. मी पुण्यात. चार वर्षांपूर्वी त्यांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) ३४० आले होते, शुगरही काठावर. तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी सुरू केली: रोसुव्हास्टॅटिन १० आणि फेनोफायब्रेट १४५, दोन्ही एकाच गोळीत. घरात तिचं नाव 'चरबीची गोळी'. चार वर्षं काही त्रास नाही.

जानेवारीत छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. घरी येताना एक पिशवीभर औषधं मिळाली. त्यात एक कॅप्सूल होती. नर्सने सांगितलं, "ही रक्त पातळ करायची, एकही दिवस चुकवायची नाही." आईने ती दुपारच्या कप्प्यात टाकली. चरबीची गोळी रात्रीच्या कप्प्यात होती, ती होतीच. ती बंद करा असं कोणी म्हणालं नाही, आणि चालू आहे का असंही कोणी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी बाबा म्हणायला लागले, मांड्या ठेचून काढल्यासारख्या वाटतात. पाटावरून जेवून उठताना भिंतीचा आधार. संडासात बसून उठता येईना. आम्ही सगळे म्हणालो, एवढं मोठं झालंय, अशक्तपणा असणारच. आईने डिंकाचे लाडू केले.

शनिवारी मी गेले तेव्हा सहज म्हणून सगळ्या स्ट्रिप्स पेपरवर मांडल्या. मागची अक्षरं इतकी बारीक की मोबाइलने फोटो काढून मोठा करावा लागला. चरबीच्या गोळीच्या नावापुढे 'एफ', आणि कॅप्सूलच्या नावापुढे भलतंच चकचकीत विशेषण, दागिन्याच्या दुकानासारखं. कॅप्सूलच्या मागे तीन ओळी: अॅस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, आणि रोसुव्हास्टॅटिन २०. म्हणजे बाबा रोज ३० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन घेत होते, वर फेनोफायब्रेट.

माझा पहिला विचार काय होता सांगू? कॅप्सूल आत्ताच्या आत्ता बंद. नशीब, आधी फोन लावला. हृदयाचे डॉक्टर जवळजवळ ओरडलेच, "कॅप्सूल नुसती थांबवू नका, स्टेंट आहे!" त्यांनी अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सुट्ट्या गोळ्यांत लिहून दिल्या. त्या हातात आल्यावर मगच कॅप्सूल आणि चरबीची गोळी दोन्ही बंद. त्याच दिवशी रक्त तपासलं. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की चढणारा आकडा, १,४८० (त्या लॅबची वरची मर्यादा २०० च्या आसपास), मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन १.७. प्लास्टीच्या आधी ते १.२ होतं.

आता प्रश्न. ही फेनोफायब्रेटची गोळी मुळातच वाईट आहे का? बाबांना ती पुन्हा लागेल का? आणि दोन डॉक्टर, दोन दुकानं असली की तुम्ही घरी नेमकं काय करता?

खलबत्ता

ताई, वेळेवर बघितलंत. मी १९ वर्षं औषधाच्या दुकानात आहे, तालुक्याच्या गावी. हा प्रकार मी महिन्यातून एकदा तरी बघतो.

गोम अशी की प्लास्टीनंतर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं, रोसुव्हास्टॅटिन त्यातलंच) देतातच, आणि ते 'रक्त पातळ' करणाऱ्या कॅप्सूलमध्येच भरलेलं असतं. पेशंटच्या डोक्यात दोन वेगळे आजार असतात, म्हणून दोन वेगळी औषधं. माझ्याकडे दोन्ही चिठ्ठ्या एकाच दिवशी आल्या तर मी पकडतो. पण एक चिठ्ठी दवाखान्याच्या खालच्या दुकानात फाटली आणि दुसरी आमच्याकडे, तर मला स्वप्न पडणार आहे का?

दुसरं, लोक स्ट्रिप कापून नेतात. दहापैकी चार गोळ्या द्या म्हणतात. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव असतं तर घटक नसतो, कधी तारीख नसते. मी शक्यतो नाव राहील अशा बाजूने कापतो, पण सगळेच तसं करत नाहीत. लाल उभी रेघ असलेली स्ट्रिप डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही हे छापलेलं असतं, तरी "मागच्या वेळचीच द्या" म्हणून रिकामं पाकीट पुढे करणारे रोज भेटतात.

फेनोफायब्रेटबद्दल एक कामाची गोष्ट. बाजारात १४५, १६० आणि २०० असे आकडे दिसतात. त्यावरून २०० वाली जास्त जोरदार असा समज होतो. तसं नाही. हे औषध पाण्यात विरघळतच नाही म्हणा ना, म्हणून ते किती बारीक दळलंय त्यावर अंगी किती लागेल ते ठरतं. १४५ वाली अतिबारीक कणांची, ती जेवणाआधी-नंतर कधीही चालते. १६० ची गोळी आणि २०० ची कॅप्सूल जेवणाबरोबरच घ्यायची, उपाशीपोटी घेतली तर अंगी कमी लागते. म्हणून दुकानदार "१४५ नाही, १६० घ्या, एकच आहे" म्हणाला तर निदान जेवणाचं तरी विचारा.

आणि रोसुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी ते गुलाबी अॅसिडिटीचं सिरप त्याच घोटाबरोबर घेऊ नये. आधी गोळी, मग किमान दोन तासांनी सिरप. नाहीतर गोळीचा बराच भाग शरीरात जातच नाही.

आडवाटेचा

ओसरी, तुमच्या बाबांना या विषातून बाहेर काढा. स्टॅटिन म्हणजे कंपन्यांचा धंदा. माझ्या मावसकाकांनी सगळं बंद केलं. जवस, लसूण आणि परदेशातून मुलाने पाठवलेल्या लाल तांदळाच्या नैसर्गिक कॅप्सूल. कोलेस्टेरॉल २४० वरून १८५! साइड इफेक्ट शून्य.

हडसनकाठी

@आडवाटेचा, तो लाल तांदूळ म्हणजे बुरशीने आंबवलेला तांदूळ ना? मग काकांनी स्टॅटिन बंद केलेलंच नाही. त्या बुरशीत मोनॅकोलिन-के तयार होतं आणि ते म्हणजेच लोव्हास्टॅटिन, १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं स्टॅटिन. फरक एवढाच की डब्यात नेमकं किती आहे याचा भरवसा नाही. मी न्यू जर्सीत आहे, इथे ते फूड सप्लिमेंटच्या फळीवर मिळतं. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनीही कौतुकाने उचललं होतं, भारतातून आणलेली अटोर्व्हास्टॅटिन चालू असताना. तीच ओसरीची गोष्ट, फक्त दुसरा डबा दिसायला 'हर्बल'.

मुळात स्टॅटिनचा जन्मच बुरशीतला. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात पेनिसिलियमच्या एका जातीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. त्यामुळे नैसर्गिक-अनैसर्गिक वाद इथे चालवायचाच असेल तर जपून.

चहाबिस्किट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (बिनबटरचे. ट्रायग्लिसराइड २६०.)

स्टेथोबा

मी फिजिशियन आहे. ओसरींच्या बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांचा निर्णय त्यांच्याच डॉक्टरांचा. औषधाबद्दल सांगतो.

आधी कामाची वाटणी. स्टॅटिन मुख्यतः एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, कमी करतं आणि हार्ट अटॅक टाळण्याचा भक्कम पुरावा त्याच्यामागे आहे. फेनोफायब्रेट मुख्यतः ट्रायग्लिसराइड कमी करतं, बऱ्याच जणांत तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. ते यकृतातल्या एका स्विचला हात घालतं, आणि रक्तातली चरबी फोडणारं एन्झाइम जोरात कामाला लागतं. युरिक अॅसिडही थोडं उतरतं, हा वरचा फायदा.

पण ट्रायग्लिसराइड उतरलं म्हणजे हृदय वाचलं, असं गणित सुटत नाही. मधुमेहींवरच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २००५ ची फील्ड, ९,७९५ रुग्णांची. २०१० ची अॅकॉर्ड, ५,५१८ रुग्ण, सगळे स्टॅटिनवर आणि निम्म्यांना वरून फेनोफायब्रेट. दोन्हींत मुख्य निकालात ठोस फायदा दिसला नाही. ज्यांचे ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) खूप कमी अशा गटात थोडी आशा होती. ती तपासायला याच घराण्यातल्या पेमाफायब्रेटची मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला: ट्रायग्लिसराइड छान उतरले, हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. म्हणून २०० ते ४०० च्या आकड्यासाठी सरसकट 'एफ' वाली गोळी लिहिणं मला व्यक्तिशः पटत नाही. आधी शुगर, दारू, वजन, थायरॉइड बघा. आकडा ५०० च्या वर, विशेषतः हजाराच्या वर गेला की गोष्ट वेगळी. तिथे स्वादुपिंड सुजण्यापासून वाचवायचं असतं, आणि तिथे ही गोळी खरंच कामाची आहे.

आता धोका. फेनोफायब्रेट मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंडाचं काम कमी असेल तर औषध साठतं. काम फारच कमी असेल तर ते द्यायचंच नाही, मध्यम कमी असेल तर छोटा डोस. शिवाय या औषधाने क्रिएटिनिनचा आकडा थोडा चढतोच, आणि बंद केल्यावर बहुतेकांचा परत उतरतो. म्हणून सुरू करायच्या आधीचा आकडा हातात हवा. आधीचाच नसेल तर नंतरच्या १.७ चा अर्थ कसा लावणार? यकृताचा चालू आजार, पित्ताशयातले खडे, स्तनपान, यांतही हे औषध नको.

स्टॅटिनबरोबर दिलं की स्नायूंना इजा व्हायची शक्यता वाढते. वय ६५ च्या पुढे, मूत्रपिंड कमकुवत, थायरॉइड कमी, मधुमेह, यात ती आणखी वाढते. तरी फायब्रेट कुटुंबातलं हे त्यातल्या त्यात समजूतदार. खरा खोडकर जेमफायब्रोझिल, तो स्टॅटिनची शरीरातून बाहेर जायची वाटच अडवतो. सेरिव्हास्टॅटिन नावाचं औषध २००१ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं, स्नायू विरघळून झालेल्या मृत्यूंमुळे, आणि त्यात जेमफायब्रोझिलबरोबर घेणारे बरेच होते.

आणखी एक. आशियाई लोकांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिनची पातळी गोऱ्या लोकांच्या साधारण दुप्पट चढते, म्हणून तिकडच्या माहितीपत्रकातही आशियाईंना ५ पासून सुरू करा असं लिहिलंय. त्यात ३० अधिक फायब्रेट, वय ६८. मांड्यांनी तक्रार केली नसती तरच नवल.

सगळ्यांसाठी: स्नायू दुखून लघवी कोऱ्या चहासारखी किंवा काळपट झाली तर धाग्यावर विचारू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा.

शनिवारचा

डॉक्टरांनी स्वादुपिंड म्हटलं म्हणून लिहितो, नाहीतर ही गोष्ट मी कुठे सांगत नाही.

वय ४१. शुक्रवार-शनिवार बसायचं, बाकी आठवडा 'शुद्ध'. शुगर आहे हेच माहीत नव्हतं. एका रविवारी पोटात असं दुखलं की गुडघे छातीशी घेऊन फरशीवर पडलो होतो, दुखणं पाठीत आरपार. रक्त काढणाऱ्या पोराने नळी मशीनमधून फिरवून आणली आणि बायकोला दाखवली. वरचा थर पिवळसर असतो ना, तिथे ताक होतं. अक्षरशः ताक. ट्रायग्लिसराइड १,८६०. रिपोर्टात एलडीएलच्या रकान्यात आकडाच नाही, 'मोजता येत नाही' असा शेरा. आठ दिवस सलाइनवर, पहिले तीन दिवस पाण्याचा थेंब नाही.

तेव्हापासून फेनोफायब्रेट चालू, तीन वर्षं झाली. दारू बंद, इन्सुलिन घेतलं, आता गोळ्यांवर. मागचा आकडा १९०. दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन आणि यकृताची एसजीपीटी तपासणी. त्यामुळे गोळी मुळातच वाईट का, याचं माझ्यापुरतं उत्तर 'नाही'. माझ्या खिशात ती असते.

स्टेथोबा

@शनिवारचा, धन्यवाद, असं लिहायला धीर लागतो. तुमच्या रिपोर्टातला रिकामा रकाना समजावतो. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, १९७२ च्या एका सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते सूत्र झोपतं. तेव्हा एलडीएल थेट मोजून मागावं.

आणि पार्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तपासून "फेनोफायब्रेट लिहा" म्हणून येणाऱ्यांनो, बारा तास उपाशी राहून आणि दोन-तीन दिवस दारू न घेता परत तपासा. अर्ध्या जणांची चिठ्ठी तिथेच वाचते.

मोगरा

माझ्या आईची हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू. तिच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी ट्रायग्लिसराइडसाठी फेनोफायब्रेट सुरू केलं. वॉरफरिन आहे हे आम्ही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. दोन आठवड्यांनी आई भांडी घासताना ओट्याला कोपर लागलं आणि वांग्याएवढा काळानिळा डाग उठला. मग हिरड्यांतून रक्त. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, ६ च्या वर. या गोळीने वॉरफरिनचा जोर वाढतो, हे तेव्हा कळलं. आता आईच्या पर्समध्ये एका कागदावर लाल शाईत 'वॉरफरिन चालू आहे' असं लिहिलेलं असतं आणि ती तो कागद दाताच्या डॉक्टरलाही दाखवते. केस कापायला गेली तरी दाखवेल अशी मला शंका आहे.

खलबत्ता

मोगराताई, बरोबर करतात आई. अजून दोन-तीन जोड्या लिहून ठेवा मंडळी. युरिक अॅसिडच्या संधिवातासाठीच्या कोल्चिसिनबरोबर स्नायूंचा धोका वाढतो. मूत्रपिंड बदललेल्यांच्या सायक्लोस्पोरिनबरोबर मूत्रपिंडाला ताप. आणि अटोर्व्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन चालू असताना घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून मिळालं, तर "माझं स्टॅटिन चालू आहे" हे तोंडाने सांगा. सिमव्हास्टॅटिन असेल तर त्या दिवसांत ते थांबवायलाच सांगतात, अटोर्व्हास्टॅटिनचा डोस कमी करतात.

आडवाटेचा

हडसनकाठी, लाल तांदळाचं माहीत नव्हतं. काकांना फोन केला. ते म्हणाले, "गुडघे दुखतात हल्ली, पण ते वयाने." त्यांना सीपीके करायला सांगितलंय. बाकी कंपन्यांच्या धंद्याबद्दल माझं मत कायम आहे.

पाणवठा

मीही व्हिडिओ बघून स्टॅटिन सोडलं होतं. खांदे दुखायचे. सोडल्यावर दहा दिवसांत बरं वाटलं! मग सहा महिन्यांनी लक्षात आलं की खांदे परत दुखतायत आणि गोळी तर घेतच नाहीये. निघाला फ्रोझन शोल्डर.

स्टेथोबा

पाणवठा, एक मजेदार चाचणी आहे, सॅमसन नावाची, २०२० ची. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना १२ बाटल्या दिल्या, एक बाटली एक महिना. चार बाटल्यांत अटोर्व्हास्टॅटिन, चारांत खोट्या गोळ्या, चार रिकाम्या. रोज मोबाइलवर त्रासाला गुण द्यायचे. स्टॅटिनच्या महिन्यांत जो जादा त्रास झाला, त्याचा नव्वद टक्के भाग खोट्या गोळीच्या महिन्यांतही होता. दुखणं खरंच होतं, कोणी नाटक करत नव्हतं, फक्त ते गोळी घेण्यातून येत होतं, औषधातून नव्हे.

म्हणून ओसरींच्या बाबांचा सीपीके महत्त्वाचा. तिथे डोसही जास्त होता आणि आकडाही बोलत होता. दुखतंय म्हणून मनाने सोडू नका, आणि दुखतंय म्हणून दुर्लक्षही करू नका. एक रक्ततपासणी करा. जमलं तर थायरॉइडही, कारण ते कमी असेल तर कोलेस्टेरॉलही चढतं आणि अंगही दुखतं. एकाच चोराच्या दोन चोऱ्या.

चहाबिस्किट

धागा वाचनखुणेत टाकला. आत्ताच सासऱ्यांच्या डब्याचा पंचनामा केला. दोनदा काही नाही निघालं, पण २०२१ ला मुदत संपलेली खोकल्याची बाटली आणि एक मिश्रीची डबी निघाली. सासूबाईंना डबीबद्दल माहीत नव्हतं. आता धागाकर्तीने माझ्या सासऱ्यांची माफी मागावी.

ओसरी

@चहाबिस्किट, सासऱ्यांना साष्टांग नमस्कार सांगा.

सात आठवड्यांनी परत येतेय. सीपीके पंधरा दिवसांत ३०० च्या आत आला, मग नॉर्मल. क्रिएटिनिन १.३ वर थांबलंय. बाबा पाटावरून आधाराशिवाय उठतात, पण उठताना अजूनही भिंतीकडे एकदा बघून घेतात. थायरॉइड ठीक. हृदयाच्या डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन ५ पासून पुन्हा सुरू केलं, सुटी गोळी, बरोबर काही चिकटवलेलं नाही. एलडीएल अपेक्षेइतका उतरला नाही तर डोस वाढवायच्या ऐवजी दुसरं औषध जोडू म्हणाले. फेनोफायब्रेट सध्या नाही. ट्रायग्लिसराइड गोळीशिवाय २३५ आलेत. आईने काकवी आणि रोजचा उसाचा रस बंद केलाय. इस्लामपुरात राहून हे किती अवघड आहे ते ज्यांना कळतं त्यांनाच कळेल.

गावातल्या डॉक्टरांना भेटून सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. खरं तर ते एकटेच चुकले असं मला म्हणता येत नाही. प्लास्टीनंतर बाबा त्यांच्याकडे गेलेच नव्हते, नुसती स्ट्रिप दाखवून गोळ्या आणत होते.

घरी काय करता हा माझा प्रश्न होता, त्याचं उत्तर बाबांनीच काढलं. तीस वर्षं एसटीत वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरलंय त्यांनी. वहीत तसेच रकाने आखलेत: तारीख, गोळीचं नाव, आत काय आहे, किती मिलिग्रॅम, कोणी लिहिली, कधी बंद. घटकांच्या रकान्यात मीच स्ट्रिपवरून वाचून सांगितलं, त्यांनी देवनागरीत लिहिलं. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी पोटासाठी एक नवीन गोळी लिहिली. बाबांनी वही टेबलावर उघडली, कानामागचं पेन काढलं आणि विचारलं, "साहेब, ही चढली. मग उतरलं कोण?"

डॉक्टरांनी चष्मा लावून वही खालपर्यंत वाचली आणि जुनी अॅसिडिटीची गोळी खोडली.